चोर जामिनावर बाहेर, आणि आमचे सोने अजून मुद्देमालात: दाद कुठे मागावी?

प्रश्न: गोदाकाठ

नमस्कार. नाशिकमधील आमच्या घरी भरदिवसा घरफोडी झाली, त्याला आता वर्ष उलटून गेले आहे. घरातील सर्वजण एका लग्नासाठी सिन्नरला गेलेलो असताना चोरट्यांनी कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला आणि कपाटातील आईच्या पाटल्या, पोहेहार, माझे मंगळसूत्र व थोडी रोकड लांबवली. आम्ही त्याच रात्री फिर्याद दिली, ठसेतज्ज्ञ येऊन गेले, पंचनामा झाला. काही महिन्यांनी पोलिसांनी दोघांना पकडले आणि त्यांच्याकडून व एका सराफाकडून ऐवज हस्तगत केला. त्या तपासाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. मंगळसूत्र जसेच्या तसे मिळाले, पाटल्या व हार मात्र वितळवून त्यांची लगड केलेली होती.

संताप येतो तो पुढच्या गोष्टींचा. दोन्ही आरोपींना जामीन मिळाला. त्यांपैकी एक जण बाहेर आल्यावर दुसऱ्या घरफोडीत पुन्हा पकडला गेल्याचे आम्हाला वर्तमानपत्रातून कळले, म्हणजे आमच्यासारखेच आणखी एक घर त्याने फोडले, आणि तरीही तो लवकरच पुन्हा सुटेल असे सगळे गृहीत धरून चालले आहेत. आमचे सोने मात्र अजून पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षातच आहे. चौकशी केल्यावर एकदा ‘केसचा निकाल लागला की मिळेल’ असे सांगितले गेले, एकदा ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ असे, आणि मधल्या काळात तपासी अधिकाऱ्यांची बदलीही झाली. आईच्या पाटल्या तिने प्राथमिक शाळेच्या पगारातून भिशी लावून केल्या होत्या. त्यांची पावती आता कुठून आणायची?

ज्यांनी चोरी केली त्यांना कायदा इतक्या लवकर मोकळे सोडतो आणि ज्यांचे चोरीला गेले त्यांना स्वतःच्याच वस्तूसाठी अर्ज-विनंत्या करायला लावतो, हे कोणत्या न्यायात बसते, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. निकाल लागेपर्यंत थांबणे बंधनकारक आहे का, लगडीवर आमचा हक्क कसा सिद्ध होतो, आणि आरोपीच्या जामिनाबाबत आम्हाला काही म्हणता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: एमआयडीसीतील कामगार

ताई, तुमचे निदान सापडले तरी. माझी मोटारसायकल कंपनीच्या फाटकाबाहेरून गेली, पुढे ती सापडलीही, आणि तेव्हापासून ती एका पोलीस ठाण्याच्या आवारात ऊनपावसात उभी आहे. टायर बसले, टाकी गंजली, आणि कर्जाचे हप्ते मी अजून भरतो आहे. ज्याने ती चोरली त्याला मी आमच्याच चौकात चहा पिताना पाहिले आहे.

२०२५च्या ऑक्टोबरात पोलिसांनी शहरातल्या गुंडांकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असे म्हणवून घेतल्याचे व्हिडिओ घरोघरी फिरले तेव्हा आमच्या विभागातील प्रत्येकाला बरे वाटले, आणि ते का बरे वाटले हे न्यायव्यवस्थेने समजून घ्यायला हवे. न्यायालयात काय होते हे सामान्य माणसाला कधी दिसतच नाही. त्याला फक्त इतके दिसते की पकडलेला माणूस परत आला. मग कोणीतरी त्याला हात जोडायला लावले, एवढाच न्याय त्याच्या वाट्याला येतो आणि तो त्यावर समाधान मानतो. माझे मत स्पष्ट आहे: दुसऱ्यांदा चोरी करताना सापडलेल्याला खटला संपेपर्यंत बाहेर सोडूच नये.

प्रतिसाद: फौजदारी वकील, नाशिक

गोदाकाठ, आपल्या प्रश्नात दोन वेगळी प्रकरणे एकमेकांत गुंतली आहेत. आरोपी तुरुंगात असो वा बाहेर, आपले सोने परत मिळण्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही, आणि म्हणून जामिनावरचा राग बाजूला ठेवून सोन्यासाठीचा अर्ज आधी दाखल करावा, असे मी सुचवेन.

निकाल लागेपर्यंत थांबावे लागते, हे आपल्याला सांगितले गेले असेल तर ते कायद्याला धरून नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४५१ व ४५७ खाली मालकाला मुद्देमाल अंतरिम ताब्यात मिळत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यांची जागा कलम ४९७ व ५०३ यांनी घेतली आहे. कलम ४९७ मध्ये तर आता मुदतही घातली आहे. मालमत्ता न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत तिचे वर्णनपत्र तयार करायचे, छायाचित्रे किंवा चित्रीकरण करून घ्यायचे, आणि त्यानंतर ३० दिवसांत ती कोणाकडे द्यायची याचा आदेश करायचा. पुढे साक्षीपुराव्यात ती छायाचित्रे व ते वर्णनपत्र वापरता येते, त्यामुळे ‘पुरावा म्हणून दागिना लागेल’ ही अडचण कायद्यानेच सोडवलेली आहे. मात्र हा काळ मोजला जातो तो मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यापासून, आणि गाडे अडते ते इथेच. वस्तू जप्त झाल्याचा अहवाल न्यायालयात जातो, पण वस्तू स्वतः ठाण्यातच राहते आणि घड्याळ सुरूच होत नाही. अशा वेळी कलम ५०३ खाली मालकानेच अर्ज करायचा असतो. कोणीतरी बोलावेल या अपेक्षेने थांबलेले किती तरी फिर्यादी मी पाहिले आहेत, आणि त्यांना कोणीही बोलावत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालात, पंधरा दिवस ते एक महिना यापेक्षा अधिक काळ मुद्देमाल पोलीस ठाण्यात पडून राहू नये, दागिन्यांचा तपशीलवार पंचनामा व छायाचित्रे करून बंधपत्र घ्यावे आणि ते फिर्यादीला द्यावेत, असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. वाहनांबाबतही तीच भूमिका आहे, तेव्हा वरच्या प्रतिसादातील मोटारसायकल आजही सोडवता येईल. त्याही आधी, १९७७ मध्ये, बसव्वा पाटील यांच्या प्रकरणात, चोरांकडून परत मिळवलेले दागिने पोलिसांच्या ताब्यातून गहाळ झाले तेव्हा त्यांची किंमत राज्याने मालकिणीला द्यावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. मुद्देमाल पोलिसांच्या ताब्यात असला तरी तो त्यांनी मालकासाठी सांभाळायचा असतो, हे तत्त्व तेव्हापासून प्रस्थापित आहे.

प्रत्यक्षात करायचे ते असे. ज्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आपला गुन्हा आहे, त्या न्यायालयात, म्हणजे बहुधा सीबीएसजवळील जिल्हा न्यायालयाच्या आवारात किंवा नाशिकरोडला, मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज द्यावा. सोबत प्रथम खबर अहवालाची प्रत, जप्ती पंचनाम्याची प्रत, ओळखपत्र आणि मालकी दाखवणारे जे काही असेल ते जोडावे. न्यायालय तपासी अधिकारी व सरकारी वकील यांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, मागवते. तो ‘से’ वेळेवर दाखल व्हावा यासाठी फिर्यादीने स्वतः ठाण्यात पाठपुरावा करावा लागतो, कारण अर्ज रखडतात ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर. आदेश झाल्यावर सुपूर्दनामा लिहून द्यायचा. त्यात दागिना विकणार नाही, मोडणार नाही आणि न्यायालय सांगेल तेव्हा हजर करीन अशा अटी असतात. वकील नेमलाच पाहिजे असे नाही, फिर्यादी स्वतःही अर्ज करू शकतो. अर्ज फेटाळला गेला तर सत्र न्यायालयात दाद मागता येते.

मंगळसूत्राचा अर्ज लगडीच्या वादासाठी अडवून ठेवू नका. जे ओळखता येते ते आधी मागा.

आता जामीन. आरोपीला जामीन देणे म्हणजे त्याला सौम्य शिक्षा देणे नव्हे, कारण तेव्हा शिक्षेचा प्रश्नच आलेला नसतो. कायदा कागदावर सौम्य नाही. राहत्या घरातील चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत, आणि चोरीसाठी घर फोडल्यास कलम ३३१ खाली दिवसा दहा व रात्री चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. पण सिद्धदोष ठरेपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व ज्यांच्यावर खोटा आळ येतो त्यांच्यासाठीही आवश्यक आहे, आणि ठरलेल्या ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर जामीन हा आरोपीचा हक्कच होतो. आपल्या प्रकरणात मात्र एक ठोस मार्ग आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० खाली अशा गुन्ह्यांत जामीन देताना तशाच प्रकारचा गुन्हा करणार नाही ही अट घालावीच लागते. आरोपीवर जामिनाच्या काळात दुसऱ्या घरफोडीचा गुन्हा दाखल झाला असेल, तर त्या कागदांसह जामीन रद्द करण्यासाठी अर्ज व्हावा, असे आपण सरकारी वकिलांकडे लेखी मागू शकता. २०२२ मध्ये जगजीत सिंग विरुद्ध आशिष मिश्रा या निकालात, पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. तो हक्क वापरणारे मात्र फार थोडे आहेत.

प्रतिसाद: निवृत्त पोलीस

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू नीट मांडली आहे. मी खात्यात आयुष्य घालवले असल्याने दुसरी एक गोष्ट सांगतो, जी लोकांना कधी सांगितली जात नाही.

‘याच्यावर वीस गुन्हे दाखल आहेत’ असे आपण बातमीत वाचतो आणि तरीही त्याला थोडक्यात सोडले म्हणून न्यायाधीशांना दोष देतो. परंतु शिक्षा ठरवताना दाखल गुन्ह्यांपेक्षा पूर्वीच्या दोषसिद्धीला वजन असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ मध्ये, जुन्या दंड संहितेत ते कलम ७५ होते, मालमत्तेच्या गंभीर गुन्ह्यात एकदा शिक्षा झालेल्या माणसाने पुन्हा तसाच गुन्हा केला तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, अशी वाढीव शिक्षा आहे. ती मिळवायची तर आधीच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडून तो आरोप स्वतंत्रपणे ठेवावा लागतो. ज्याच्या वीस गुन्ह्यांपैकी एकातही दोषसिद्धी नाही, तो न्यायालयापुढे पहिल्यांदाच आलेला माणूस म्हणून उभा राहतो. मग त्याचे वकील १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाचा आधार घेऊन चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मागणी करतात आणि ती फेटाळायला सरकारी पक्षाकडे कागद नसतो.

दोषसिद्धी का होत नाही, याचेही उत्तर कटू आहे. जप्तीच्या वेळचे पंच साक्षीच्या वेळी फितूर होतात किंवा सापडत नाहीत. पंचनाम्यात ‘पिवळ्या धातूचा दागिना’ एवढेच लिहिलेले असते, त्यामुळे तो दागिना फिर्यादीचाच आहे हे सांगता येत नाही. आणि फिर्यादी, ज्याचे सोने आधीच परत मिळाले आहे, तो समन्स आल्यावर ‘आता कशाला कटकट’ म्हणून न्यायालयात येतच नाही. खात्याच्या चुका मी झाकणार नाही. कामाचा बोजा, बंदोबस्त, बदल्या यांत जुन्या गुन्ह्यांचा पाठपुरावा मागे पडतो, आणि येत्या सिंहस्थात तो आणखी मागे पडेल अशी मला काळजी वाटते. त्यात आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले आहे. ते प्रामाणिकपणे झाले तर पंच फितूर होण्याने होणारे नुकसान बरेच कमी होईल.

एमआयडीसीतील बंधूंना सांगतो की, सराईतांना आवरण्यासाठी जामीन नाकारणे हा एकच मार्ग नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येते, टोळी असेल आणि मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे न्यायालयाने विचारात घेतलेली असतील तर १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लावता येतो. पण तडीपारीसाठी शेजाऱ्यांनी गोपनीय जबाब द्यायला पुढे यावे लागते. चौकात त्याला चहा पिताना सगळे पाहतात, जबाब द्यायला मात्र कोणी तयार होत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि व्हिडिओंबद्दल म्हणाल, तर त्याने दहशत कमी होते हे मी नाकारत नाही, पण त्या चित्रीकरणातून कोणाची पाटली परत आली नाही की कोणाला एक दिवसाची शिक्षा लागली नाही.

प्रतिसाद: सराफी पेढीवरून

लगडीबद्दल मी सांगू शकतो. वितळल्यावर दागिन्याची घडण, शिक्का, हॉलमार्क सारे जाते, उरते ते फक्त वजन आणि शुद्धता. त्यामुळे पंचनाम्यात लगडीचे वजन व कस काय लिहिला आहे आणि फिर्यादीत आपण दागिन्यांचे वजन काय सांगितले होते, हे दोन्ही आकडे समोरासमोर ठेवून पाहा. जुने दागिने पूर्ण शुद्ध नसतात, डागाचे, म्हणजे सांधे जोडायला वापरलेल्या धातूचेही वजन असते, त्यामुळे वितळल्यावर थोडी घट येणारच. अनेक घरफोड्यांचे सोने एकत्र वितळवले असेल तर वाटणीचा प्रश्न निर्माण होतो. तसे नसेल आणि ‘अमुक घरातील पाटल्या व हार वितळवून ही लगड केली’ असा दुवा तपासात आला असेल, तर आपली बाजू भक्कम होते.

पावती नसली म्हणून हातपाय गाळू नका. आईंनी कधी पाटल्या तारण ठेवून बँकेत किंवा पतसंस्थेत सोनेतारण कर्ज काढले होते का, ते आठवून पाहा. तिथल्या मूल्यांकनकाराच्या नोंदीत नग, वर्णन व वजन लिहिलेले असते, आणि त्याहून चांगला पुरावा घरगुती सोन्याला क्वचितच मिळतो. लग्नाचे, मुंजीचे, डोहाळजेवणाचे फोटो काढा, हातातल्या पाटल्या त्यांत स्पष्ट दिसतात. ज्या पेढीवर दागिना डाग द्यायला, उजळायला दिला असेल तिची चिठ्ठी किंवा वहीतील नोंदही चालते. नवीन सोने घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असावाच लागतो. त्यावरून मालकाचे नाव कळत नाही, पण तो क्रमांक आपल्या पावतीवर लिहून घेतला असेल तर दागिना आपला आहे हे सांगायला दुसरे काही लागत नाही.

आमच्या व्यवसायाबद्दलही बोलले पाहिजे. चोरीचे सोने घेणारा नसेल तर घरे फोडणाऱ्याला ते विकता येणार नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत, आणि तोच धंदा करणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आहे. बाजारभावापेक्षा कमी किमतीत, ओळखपत्राशिवाय, रात्री उशिरा मोड घेऊन आलेल्या अनोळखी माणसाचे सोने जो मुकाट्याने वितळवतो, त्याला हे सोने कुठून आले याची कल्पना नसते असे मी मानत नाही. नाशिकच्या सराफ बाजारात पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने बसलेले आम्ही लोक अशा मोजक्या माणसांमुळे संशयाच्या छायेत येतो. आपल्या गुन्ह्यात त्या सराफालाही आरोपी केले आहे की केवळ साक्षीदार म्हणून सोडून दिले आहे, हे दोषारोपपत्रात जरूर पाहा.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सोनेतारणाची गोष्ट वाचून आईला आठवले की, माझ्या भावाच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या वेळी पाटल्या एका पतसंस्थेत ठेवल्या होत्या. ते कागद आम्ही शोधत आहोत. मंगळसूत्राचा अर्ज वेगळा करावा हेही पटले.

माझ्या मनात अजून दोन शंका आहेत. दोषारोपपत्राची प्रत आम्हाला मिळते का? आणि आईला आता गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. खटला उभा राहील तेव्हा साक्षीसाठी तिला न्यायालयात यावेच लागेल का?

प्रतिसाद: एमआयडीसीतील कामगार

वकीलसाहेब, गाडीसाठी अर्ज करतो, धन्यवाद. पण एक विचारतो. समजा सगळे साक्षीदार आले, दोषही सिद्ध झाला, आणि शेवटी न्यायालयाने भोगलेल्या दिवसांवर त्याला सोडून दिले. मग फिर्यादीला वरच्या न्यायालयात जाता येते का?

प्रतिसाद: फौजदारी वकील, नाशिक

आपल्या प्रश्नाने कायद्यातील एका खऱ्या उणिवेवर बोट ठेवले आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ खाली पीडिताला अपील करता येते ते आरोपी निर्दोष सुटल्यास, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरल्यास किंवा भरपाई अपुरी असल्यास. शिक्षा कमी झाली, एवढ्याच कारणासाठी पीडिताला अपील नाही, तो अधिकार राज्य सरकारकडे आहे. माझ्या मते यात दुरुस्ती व्हायला हवी, आणि रोष व्यक्त करायचाच असेल तर तो या मागणीसाठी आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी व्यक्त करावा. न्यायाधीशांची संख्या हे दुसरे कारण. दर दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश असावेत, अशी शिफारस विधी आयोगाने १९८७ मध्येच केली होती आणि आपण आजही तिच्या निम्म्यापर्यंत पोहोचलेलो नाही. ज्या न्यायालयाच्या रोजच्या बोर्डावर प्रकरणांची रांग लागलेली असते, तिथे तीन वर्षे जुन्या चोरीच्या खटल्यात आरोपीने गुन्हा कबूल करून भोगलेल्या दिवसांवर सुटण्याची विनंती केली, तर ती मान्य होण्याकडेच कल असतो.

गोदाकाठ, नव्या संहितेत पीडिताची बाजू वकील मांडत असेल तर दोषारोपपत्र व सोबतच्या कागदांची प्रत त्याला देण्याची तरतूद कलम २३० मध्ये आहे. एरवी न्यायालयात नक्कल अर्ज करून प्रमाणित प्रत काढता येते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे हेही कलम १९३ खाली पोलिसांवर बंधनकारक आहे. ती कळवली गेली नसेल तर त्या कलमाचा उल्लेख करून लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

आईंच्या साक्षीबाबत, कलम ५३० मुळे साक्षीदाराची तपासणी दृक्‌श्राव्य माध्यमातूनही घेता येते, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून तशी विनंती समन्स आल्यावर लगेच करावी. मात्र पाटल्यांची ओळख त्याच पटवू शकतात, म्हणून साक्ष टाळू नका. सुपूर्दनाम्यावर सोने घेताना दागिन्याचे व लगडीचे फोटो आईंच्या उपस्थितीत काढून घ्यायला सांगा आणि त्यांवर त्यांची सही असू द्या. फोटोंचा एक संच स्वतःकडेही ठेवा, कारण साक्षीच्या दिवशी तोच त्यांना दाखवला जाईल.